भाड्याच्या घरांतील रेडॉन प्रकटीकरण

रेडॉन प्रकटीकरण म्हणजे घरातील रेडॉन या किरणोत्सारी वायूविषयी मालकाला असलेली माहिती त्याने खरेदीदाराला किंवा भाडेकरूला लेखी स्वरूपात कळवणे. भाड्याच्या घरांच्या संदर्भात हे कर्तव्य प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (पुढे 'अमेरिका') काही राज्यांच्या कायद्यांत आढळते. यूरोपातील काही देशांनी याच प्रश्नासाठी वेगळे मार्ग स्वीकारले आहेत. अमेरिकेत संपूर्ण देशाला लागू होणारा असा कायदा नाही. त्यामुळे भाडेकरूला कोणती माहिती मिळते आणि धोका आढळल्यास त्याला काय करता येते, हे तो कोणत्या राज्यात, काही वेळा कोणत्या काउंटीत राहतो यावर अवलंबून असते.

या विषयात तीन कर्तव्ये वेगवेगळी ओळखावी लागतात: माहीत असलेले सांगणे, माहीत नसल्यास चाचणी करून जाणून घेणे आणि धोका आढळल्यास तो दूर करणे. बहुतेक कायदे केवळ पहिले कर्तव्य घालून देतात. ज्या मालकाने कधीच चाचणी केलेली नाही, त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते. या विषयावरील कायद्यांमधील मुख्य फरक या उणिवेला त्यांनी दिलेल्या उत्तरात आहे.

रेडॉन आणि त्याचा धोका

रेडॉन हा अणुक्रमांक ८६ असलेला निष्क्रिय वायू आहे. त्याला रंग, वास किंवा चव नसते, त्यामुळे मोजमापाशिवाय त्याचे अस्तित्व कळत नाही. खडक व मातीतील युरेनियम-२३८ च्या क्षयातून रेडियम-२२६ आणि रेडियमच्या क्षयातून रेडॉन-२२२ तयार होतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे ३.८ दिवसांचा आहे. जमिनीतून वर येऊन घरात शिरण्यास आणि तेथे साचण्यास एवढा काळ पुरेसा ठरतो.

घरातील उबदार हवा वर जाते तेव्हा खालच्या मजल्यावरील हवेचा दाब जमिनीतील हवेपेक्षा किंचित कमी होतो. त्यामुळे फरशीच्या भेगा, नळांभोवतीच्या फटी, सांडपाण्याचे खड्डे व भिंतींचे सांधे यांतून जमिनीतील हवा आत ओढली जाते. तळघरात व तळमजल्यावर रेडॉनचे प्रमाण सहसा सर्वाधिक असते, आणि दारे-खिडक्या बंद राहतात अशा हिवाळ्यात ते वाढते. शेजारशेजारच्या दोन घरांतही या प्रमाणात मोठा फरक असू शकतो.

रेडॉनच्या क्षयातून पोलोनियम-२१८, शिसे-२१४, बिस्मथ-२१४ आणि पोलोनियम-२१४ हे अल्पायुषी घटक निर्माण होतात. ते धुळीच्या कणांना चिकटतात व श्वासावाटे फुप्फुसांत जातात. तेथे बाहेर पडणारे अल्फा कण श्वसनमार्गाच्या पेशींना इजा करतात आणि दीर्घकाळात त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००३ च्या अंदाजानुसार त्या देशात दरवर्षी सुमारे २१,००० व्यक्तींचा मृत्यू रेडॉनशी संबंधित फुप्फुसाच्या कर्करोगाने होतो. धूम्रपानानंतर या कर्करोगाचे ते दुसऱ्या क्रमांकाचे कारण मानले जाते.

धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका अनेक पटींनी अधिक असतो. याच संस्थेच्या अंदाजानुसार, आयुष्यभर ४ पिकोक्युरी प्रति लिटर इतक्या रेडॉनच्या संपर्कात राहिल्यास धूम्रपान करणाऱ्या दर १,००० व्यक्तींपैकी सुमारे ६२ जणांना, तर कधीही धूम्रपान न केलेल्या दर १,००० पैकी सुमारे ७ जणांना फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. रेडॉनमुळे डोकेदुखी, खोकला किंवा गुदमरणे अशी तात्काळ लक्षणे दिसत नाहीत. भाडेकरूला काही जाणवले म्हणून त्याने तक्रार केली असे घडत नाही, आणि म्हणूनच कागदावर मिळणाऱ्या माहितीचे महत्त्व वाढते.

मोजमाप आणि मर्यादा

घरातील रेडॉनचे प्रमाण अमेरिकेत पिकोक्युरी प्रति लिटर या एककात, तर इतर बहुतेक देशांत बेकरेल प्रति घनमीटर या एककात सांगतात. १ पिकोक्युरी प्रति लिटर म्हणजे ३७ बेकरेल प्रति घनमीटर. अमेरिकेतील 'कृतिपातळी', म्हणजे ज्या प्रमाणाला उपाय करण्याची शिफारस केली जाते ती पातळी, ४ पिकोक्युरी प्रति लिटर (१४८ बेकरेल प्रति घनमीटर) आहे. प्रमाण २ ते ४ पिकोक्युरीच्या दरम्यान असल्यासही उपायाचा विचार करावा, असे पर्यावरण संरक्षण संस्था सुचवते. अमेरिकेतील घरांतील सरासरी सुमारे १.३ आणि बाहेरील हवेतील सरासरी सुमारे ०.४ पिकोक्युरी प्रति लिटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेकरेल प्रति घनमीटर ही संदर्भ पातळी सुचवली. ती पाळणे शक्य नसलेल्या देशांनी निदान ३०० बेकरेलच्या वर जाऊ नये, असेही तिने म्हटले.

कृतिपातळी ही सुरक्षित आणि असुरक्षित यांमधील सीमारेषा नव्हे. ज्याखाली धोका मुळीच नाही अशी पातळी आढळलेली नाही. उपायांनी बहुतेक घरांत किती प्रमाणापर्यंत उतरता येते, याचा व्यावहारिक विचारही या आकड्यामागे आहे. भाडेकरारांसंबंधीच्या कायद्यांत मात्र हाच आकडा हक्काची सीमा ठरतो. ३.९ आढळल्यास भाडेकरूला करार संपवण्याचा हक्क मिळत नाही, ४.० आढळल्यास काही राज्यांत तो मिळतो.

चाचणीचे दोन प्रकार आहेत. अल्पकालीन चाचणी २ ते ९० दिवसांची असते आणि तिच्यासाठी बहुधा सक्रिय कोळसा असलेली डबी वापरतात. दीर्घकालीन चाचणी ९० दिवसांहून अधिक चालते. तिच्यात अल्फा कणांचे ठसे उमटणारी विशिष्ट प्लास्टिकची पट्टी वापरतात. दीर्घकालीन चाचणीतून वार्षिक सरासरीचा अंदाज अधिक विश्वासार्हपणे मिळतो. उपकरण घरातील वापरात असलेल्या सर्वांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून काही उंचीवर, खिडक्या, स्वयंपाकघर व न्हाणीघर यांपासून दूर ठेवतात. चार दिवसांहून कमी कालावधीच्या चाचणीत, चाचणीच्या १२ तास आधीपासून खिडक्या व बाहेरची दारे बंद ठेवावी लागतात.

पार्श्वभूमी

जर्मनीतील श्नेबर्ग येथील खाणकामगारांना होणारा छातीचा घातक आजार शतकानुशतके ज्ञात होता. हा आजार म्हणजे फुप्फुसातील कर्करोग असल्याचे १८७९ मध्ये दाखवून देण्यात आले. त्याचा रेडॉनशी असलेला संबंध मात्र विसाव्या शतकातच स्पष्ट झाला. तोवर रेडॉन हा खाणींचा प्रश्न समजला जात होता.

राहत्या घरांकडे लक्ष वेधले गेले ते डिसेंबर १९८४ मधील एका घटनेमुळे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील लिमरिक अणुऊर्जा प्रकल्पात काम करणारे अभियंते स्टॅन्ली वॉट्रस यांच्या अंगावर किरणोत्सार असल्याचा इशारा प्रकल्पातील तपासणी यंत्रे वारंवार देत होती. प्रकल्प अजून सुरू झालेला नसल्याने या किरणोत्साराचा उगम तेथे नसावा, हे उघड होते. तपासणीनंतर त्यांच्या घरात सुमारे २,७०० पिकोक्युरी प्रति लिटर इतका रेडॉन आढळला. पुढे आखलेल्या कृतिपातळीच्या तुलनेत हे प्रमाण सहाशे पटींहून अधिक होते.

त्यानंतर १९८८ मध्ये अमेरिकी संसदेने घरांतील रेडॉन कमी करण्यासंबंधीचा कायदा संमत केला. इमारतींमधील हवा बाहेरील हवेइतकीच रेडॉनमुक्त असावी, हे दीर्घकालीन राष्ट्रीय उद्दिष्ट त्यात नमूद आहे. राज्यांना तांत्रिक व आर्थिक साहाय्य देण्याची तरतूदही त्यात आहे, परंतु मालकांवर चाचणीचे किंवा प्रकटीकरणाचे बंधन नाही. त्याच वर्षी पर्यावरण संरक्षण संस्था आणि देशाचे सर्जन जनरल यांनी तिसऱ्या मजल्याखालील सर्व घरांची चाचणी करण्याची शिफारस केली. ती आजही शिफारसच आहे.

याउलट शिसेयुक्त रंगाच्या धोक्याबाबत १९९२ च्या केंद्रीय कायद्याने १९७८ पूर्वी बांधलेल्या बहुतेक घरांच्या विक्रेत्यांवर व घरमालकांवर देशभर प्रकटीकरणाचे बंधन घातले. ठरावीक पुस्तिका देणे, असलेली माहिती व अहवाल सुपूर्द करणे आणि भाडेकरूची सही घेणे, हा त्या कायद्याचा साचा पुढे काही राज्यांनी रेडॉनसाठी उचलला. चाचणी सक्तीची नसणे ही त्यातील उणीवही त्यासोबत आली.

भाडेकरूची विशेष स्थिती

घर विकत घेणाऱ्या व्यक्तीच्या तुलनेत भाडेकरूची स्थिती तीन बाबतींत वेगळी असते. पहिली बाब म्हणजे खरेदीच्या वेळी चाचणीसाठी सहसा काही दिवसांची मुदत मिळते आणि किमतीत तडजोड करता येते. भाड्याचे घर मात्र अनेकदा एक-दोन दिवसांत ठरते. दुसरी बाब उपायाची आहे. रेडॉन कमी करण्याच्या सर्वसाधारण पद्धतीत तळाच्या फरशीला छिद्र पाडून त्यात नळी बसवतात आणि पंख्याच्या साहाय्याने फरशीखालील हवा उपसून छपराच्या वर सोडतात. इमारतीत असा बदल करण्याचा अधिकार मालकाचा असतो. तिसरी बाब म्हणजे उपायाचा खर्च मालकाला करावा लागतो, परंतु त्या हवेत श्वास भाडेकरू घेतो. खर्च एकाचा व लाभ दुसऱ्याचा असल्यामुळे केवळ शिफारशींनी हा प्रश्न सुटत नाही, असा कायद्यांच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे.

अनेक राज्यांचे रेडॉनविषयक कायदे घरविक्रीपुरतेच मर्यादित आहेत. मिनेसोटा राज्यात १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेला रेडॉन जागृती कायदा हे त्याचे उदाहरण आहे. त्यानुसार विक्रेत्याला चाचण्यांची माहिती व अहवाल द्यावे लागतात, परंतु घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील व्यवहार त्यात येत नाहीत.

अमेरिकेतील प्रमुख कायदे

फ्लोरिडा: या राज्यात इमारतीच्या विक्रीच्या किंवा भाडेकराराच्या वेळी किंवा त्यापूर्वी सही होणाऱ्या किमान एका कागदपत्रात रेडॉनविषयी ठरावीक मजकूर छापणे बंधनकारक आहे. रेडॉन म्हणजे काय, तो साचल्यास आरोग्याला धोका कसा संभवतो आणि अधिक माहिती काउंटीच्या आरोग्य विभागाकडून मिळू शकते, एवढा आशय त्यात असतो. ४५ दिवस किंवा त्याहून कमी काळाच्या तात्पुरत्या निवासाला ही अट लागू नाही. हा मजकूर सर्व इमारतींसाठी सारखाच असल्याने त्या विशिष्ट घराविषयी भाडेकरूला त्यातून काहीच कळत नाही.

इलिनॉय: येथील रेडॉन जागृती कायदा २००८ पासून घरविक्रीला लागू झाला. भाडेकरूंसंबंधीच्या तरतुदींचे क्षेत्र १ जानेवारी २०२४ पासून वाढवण्यात आले. त्यानुसार करार होण्यापूर्वी घरमालकाने भाडेकरूला राज्याने मान्य केलेली मार्गदर्शक पुस्तिका, धोका दर्शवणारे उपलब्ध अहवाल आणि प्रकटीकरणाचा विहित नमुना द्यावा लागतो. कराराचा काळ सुरू झाल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरू स्वतः चाचणी करू शकतो. चाचणी केल्यास निकाल मिळाल्यापासून १० दिवसांत तो मालकाला कळवावा लागतो. प्रमाण कृतिपातळीपेक्षा अधिक असेल आणि मालकाने उपाय न करण्याचे ठरवले, तर भाडेकरूला करार संपवता येतो. चाचणी करण्याची किंवा रेडॉन कमी करण्याची सक्ती मालकावर नाही. तिसऱ्या व त्यावरील मजल्यांवरील घरे या तरतुदींतून वगळली आहेत.

मेन: या राज्याचा कायदा अमेरिकेतील अधिक कडक कायद्यांपैकी आहे, कारण त्यात चाचणीचे कर्तव्य घरमालकावर आहे. भाड्याच्या निवासी इमारतींची चाचणी १ मार्च २०१४ पर्यंत करणे आवश्यक होते. रेडॉन कमी करणारी यंत्रणा बसवलेली नसल्यास, भाडेकरूने मागणी केल्यावर दर दहा वर्षांनी चाचणी पुन्हा करावी लागते. निकाल मिळाल्यापासून ३० दिवसांत तो राहत्या भाडेकरूंना लेखी कळवावा लागतो. नव्या भाडेकरूला शेवटच्या चाचणीची तारीख व निकाल, केलेले उपाय, रेडॉनचा धोका आणि स्वतः चाचणी करण्याचा हक्क यांची लेखी माहिती द्यावी लागते. भंग झाल्यास प्रत्येक वेळी २५० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रमाण ४ पिकोक्युरी किंवा अधिक आढळल्यास किमान ३० दिवसांची सूचना देऊन करार संपवता येतो. हा अधिकार भाडेकरूप्रमाणेच घरमालकालाही आहे.

कोलोरॅडो: राज्याच्या आरोग्य विभागानुसार येथील सुमारे निम्म्या घरांत रेडॉन कृतिपातळीपेक्षा अधिक असतो. ७ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार करार होण्यापूर्वी घरमालकाने ठळक अक्षरांतील इशारा, पूर्वी झालेल्या चाचण्यांची व आढळलेल्या प्रमाणांची माहिती, सर्वांत अलीकडचे अहवाल, बसवलेल्या यंत्रणेचा तपशील आणि राज्याची पुस्तिका द्यावी लागते व पोच म्हणून भाडेकरूची सही घ्यावी लागते. ही माहिती दिली नाही, किंवा व्यावसायिक चाचणीत ४ पिकोक्युरी वा अधिक प्रमाण आढळल्याचे कळवूनही मालकाने १८० दिवसांत उपायाचा वाजवी प्रयत्न केला नाही, तर भाडेकरूला करार रद्द करण्याचा मार्ग या कायद्याने खुला केला. अशा प्रकारे येथे रेडॉनचा प्रश्न घर राहण्यायोग्य असण्याच्या हमीशी जोडला गेला आहे.

मॉन्टगोमेरी काउंटी: मेरीलँड राज्यातील या काउंटीने १ जुलै २०२३ पासून स्थानिक कायद्याने जमिनीला लागून असलेल्या भाड्याच्या घरांसाठी करारापूर्वी चाचणी बंधनकारक केली. निकाल भाडेकरूला द्यावा लागतो आणि प्रमाण कृतिपातळीइतके किंवा अधिक असल्यास मालकाने रेडॉन कमी करण्याची व्यवस्था करावी लागते. सांगणे, जाणून घेणे आणि दूर करणे ही तिन्ही कर्तव्ये येथे एकत्र येतात.

केंद्रीय साहाय्यातील घरे: केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास विभागाने जानेवारी २०२४ मध्ये जारी केलेल्या सूचनेनुसार, त्याच्या साहाय्याने होणाऱ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय परीक्षणात रेडॉनचा विचार करावा लागतो. ही अट प्रकल्पांना लागू आहे. खासगी घरमालक व भाडेकरू यांच्यातील सर्वसाधारण करारांना ती लागू नाही.

कायदा नसलेल्या राज्यांतील स्थिती

जेथे भाडेकरूंसाठी रेडॉनविषयक स्वतंत्र कायदा नाही, तेथे राहण्यायोग्यतेच्या गर्भित हमीचा आधार घेतला जाऊ शकतो. करारात लिहिले नसले तरी निवासी घर राहण्यायोग्य ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, असा या हमीचा अर्थ. कोलंबिया जिल्ह्यातील संघीय अपील न्यायालयाने १९७० मध्ये जॅव्हिन्स खटल्यात हे तत्त्व मांडले आणि पुढे ते बहुतेक राज्यांत मान्य झाले. गळके छप्पर किंवा बंद पडलेली उष्णतायंत्रणा या हमीत सहज बसते. न दिसणारा आणि अनेक वर्षांनी परिणाम करणारा वायू तिच्यात बसवणे अधिक कठीण आहे. शिवाय फुप्फुसाचा कर्करोग होण्यास दीर्घ काळ लागतो आणि भाडेकरू तोवर अनेक घरांत राहिलेला असतो. त्यामुळे आजार व विशिष्ट घर यांचा संबंध न्यायालयात सिद्ध करणे अवघड ठरते. नुकसान झाल्यावर भरपाई मागण्यापेक्षा आधी माहिती मिळण्याचे महत्त्व यातून स्पष्ट होते.

भाडेकरूच्या जबाबदाऱ्या

भाडेकरूवरही काही जबाबदाऱ्या येतात. पुस्तिका व नमुना मिळाल्याची पोच देणे, चाचणीच्या काळात उपकरण न हलवणे, दारे-खिडक्यांविषयीच्या सूचना पाळणे आणि चाचणीसाठी वा दुरुस्तीसाठी घरात प्रवेश देणे, या त्यांपैकी प्रमुख होत. हवा उपसणारा पंखा वीज वाचवण्यासाठी किंवा आवाज होतो म्हणून बंद केल्यास घरातील रेडॉन पुन्हा वाढू शकतो. स्वतः चाचणी केल्यास, विशेषतः इलिनॉयमध्ये, निकाल मुदतीत मालकाला कळवणे महत्त्वाचे असते. फरशीत छिद्र पाडण्यासारखे बदल भाडेकरूने मालकाच्या संमतीशिवाय करू नयेत, हा सर्वसाधारण नियम येथेही लागू होतो.

इतर देशांतील पद्धती

नॉर्वे: १ जानेवारी २०१४ पासून भाड्याने दिलेल्या घरांसाठी रेडॉनची कमाल मर्यादा २०० बेकरेल प्रति घनमीटर आणि उपाय योजण्याची पातळी १०० बेकरेल अशी ठरवण्यात आली. मर्यादा पाळण्याची जबाबदारी थेट घरमालकावर आहे. येथे भर प्रकटीकरणावर नसून घरातील हवेच्या दर्जावर आहे. मर्यादा पाळली असल्याचे दाखवण्यासाठी मोजमाप करावेच लागते, त्यामुळे न मोजणाऱ्या मालकाला अज्ञानाचा फायदा मिळत नाही.

फ्रान्स: देशातील कम्यून रेडॉनच्या शक्यतेनुसार तीन विभागांत वाटलेले आहेत. २०१८ पासून तिसऱ्या, म्हणजे सर्वाधिक शक्यतेच्या विभागातील मालमत्तेबाबत ही बाब खरेदीदार व भाडेकरू यांना द्यावयाच्या धोकाविषयक माहितीपत्रात नमूद करावी लागते. ही माहिती परिसराविषयीची असते. त्या घरातील मोजमाप त्यात अपेक्षित नसते.

इंग्लंड: येथे कृतिपातळी २०० बेकरेल प्रति घनमीटर आहे. २००४ च्या गृहनिर्माण कायद्याखालील घरांच्या आरोग्य व सुरक्षा मूल्यमापन पद्धतीत २९ प्रकारचे धोके विचारात घेतले जातात आणि किरणोत्सार हा त्यांपैकी एक आहे. धोका गंभीर आढळल्यास स्थानिक प्रशासन मालकाला उपाय करण्यास भाग पाडू शकते. कॉर्नवॉल व डेव्हन हे तेथील अधिक रेडॉन असलेले परिसर म्हणून ओळखले जातात.

यूरोपीय संघ: २०१३ च्या किरणोत्सार सुरक्षा निर्देशानुसार सदस्य देशांनी घरांसाठी ३०० बेकरेल प्रति घनमीटरपेक्षा जास्त नसलेली संदर्भ पातळी ठरवणे आणि राष्ट्रीय कृती आराखडा तयार करणे आवश्यक आहे. घरमालक व भाडेकरू यांच्यातील कर्तव्यांचा तपशील प्रत्येक देशावर सोपवलेला आहे.

टीका आणि मर्यादा

केवळ प्रकटीकरणावर आधारलेल्या कायद्यांवरील मुख्य आक्षेप असा, की ते न जाणण्याला उत्तेजन देतात. चाचणी केलेल्या मालकाला प्रतिकूल निकाल प्रत्येक नव्या भाडेकरूला दाखवावा लागतो, तर चाचणी टाळणारा मालक नमुन्यातील 'माहिती उपलब्ध नाही' या रकान्यावर खूण करून मोकळा होतो. ती खूण घर रेडॉनमुक्त असल्याचा पुरावा नव्हे, परंतु घाईत सही करणारा भाडेकरू तसा समज करून घेऊ शकतो. समर्थकांच्या मते, चाचणीचा हक्क भाडेकरूला देऊन इलिनॉयसारख्या राज्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. त्यावर प्रत्याक्षेप असा, की मालकाची जबाबदारी अशाने भाडेकरूच्या दक्षतेवर ढकलली जाते.

दुसरा आक्षेप करार संपवण्याच्या हक्काविषयी आहे. परवडणारी घरे दुर्मीळ असलेल्या शहरात घर सोडण्याचा हक्क अनेक कुटुंबांना वापरता येत नाही. मालकालाही करार संपवता येत असल्यास, चाचणीची मागणी केल्याने घरच हातचे जाईल या भीतीने भाडेकरू गप्प बसण्याची शक्यता असते. शिवाय भाडेकरू निघून गेल्यावर घरातील रेडॉन तसाच राहतो आणि तो पुढच्या भाडेकरूच्या वाट्याला येतो.

तिसरा आक्षेप मजल्यांच्या मर्यादेविषयी आहे. वरच्या मजल्यांवर रेडॉनचे प्रमाण सहसा कमी असते, म्हणून त्यांना वगळणे व्यवहार्य मानले जाते. मात्र उद्वाहनाचे मार्ग व नळांचे उभे बोगदे यांतून जमिनीतील हवा वर जाऊ शकते, आणि काही बांधकाम साहित्यातूनही रेडॉन बाहेर पडतो. परिसराच्या नकाशांबाबतही अशीच मर्यादा आहे. पर्यावरण संरक्षण संस्थेने काउंट्यांची तीन विभागांत वर्गवारी केलेली असली, तरी एखाद्या घराची चाचणी करावी की नाही हे त्या नकाशावरून ठरवू नये, असे संस्थाच सांगते.

घरमालकांच्या बाजूने असे मांडले जाते, की अल्पकालीन चाचणीचे निकाल ऋतू व हवामानानुसार बदलतात, एकाच निकालावरून करार रद्द होणे अन्यायकारक ठरू शकते, आणि छोट्या मालकांना उपायाचा खर्च जड जातो. म्हणूनच काही कायदे करार रद्द करण्यासाठी व्यावसायिकाने केलेली चाचणी ग्राह्य धरतात आणि मालकाला उपायासाठी मुदत देतात.

भारतातील स्थिती

भारतात घरमालकाने भाडेकरूला रेडॉनविषयी माहिती देण्याचे कायदेशीर बंधन नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आणि केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा या दोहोंत तशी तरतूद नाही. महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे आणि ग्रॅनाइटच्या तुलनेत बेसाल्टमध्ये युरेनियमचे प्रमाण सहसा कमी असते. पूर्व विदर्भ व दक्षिण कोकणात मात्र ग्रॅनाइट व नाइस यांसारखे प्राचीन खडक आढळतात. वर्षाचा बराच काळ खिडक्या उघड्या राहत असल्याने पारंपरिक घरांत वायू साचण्यास कमी वाव असतो. वातानुकूलनासाठी बंद ठेवलेल्या खोल्यांना हे लागू होत नाही. भूगर्भरचनेवरून केवळ शक्यता कळते, घरातील प्रत्यक्ष प्रमाण मोजमापानेच कळते.

शिक्षण वा नोकरीनिमित्त अमेरिकेत जाणाऱ्या अनेक भारतीयांना तेथे राहण्यासाठी प्रथम भाड्याचे घर शोधावे लागते. तळघरातील किंवा तळमजल्यावरील खोली तुलनेने स्वस्त मिळते, आणि रेडॉनचा प्रश्न नेमका तेथेच अधिक असतो. राज्यातील कायद्याने चाचणीसाठी मुदत दिलेली असल्यास ती करार सुरू होताच मोजली जाऊ लागते, म्हणून घर घेतल्यावरचे पहिले काही आठवडे या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात.